मोडीत निघालेली मोटार

वाचकहो, बैल म्हातारा झाला की चांगला शेतकरी त्याला दावणीलाच ठेवतो. त्याने जन्मभर राबून दिलेले असते. त्याच्यापुढे वैरणीची पेंढी टाकताना घरच्या माणसाचा हात आखडत नाही. पण मोटार म्हातारी झाली की तिचे काय होते? आधी ती दारात उभी राहते. मग टायर बसतात, पत्रा गंजतो, सीटमध्ये उंदीर घर करतात, कोंबड्या अंडी घालतात. मग एक दिवस भंगारवाला येतो, मालकाच्या हातावर काही नोटा ठेवतो आणि गाडी ओढून नेतो. घरधनी म्हणतो, "चला, पीडा गेली!"

पीडा खरोखरच गेली का? गाडी गेली कुठे? तिचे पुढे काय झाले? तिच्यातून कोणाला काय मिळाले आणि कोणाला काय बाधले? आज खेड्याखेड्यांत फटफटी, जीप, टेम्पो, ट्रॅक्टर आले आहेत. तेव्हा ह्या प्रश्नांची उत्तरे आपल्या सर्वांना माहीत असायला हवीत. म्हणून हा धडा.

मोडीचा वाडा

तालुक्याच्या गावाबाहेर, हमरस्त्याच्या कडेला, जुन्या पत्र्याचे उंच कुंपण आपण पाहिले असेल. दाराशी एक वजनकाटा असतो. आत गाड्यांवर गाड्या रचलेल्या असतात. कोणाला चाके नाहीत, कोणाला दारे नाहीत, कोणाचे तोंडच चेपलेले. ह्यालाच मोडीचा वाडा किंवा भंगारचा अड्डा म्हणतात.

अशाच एका वाड्यात आम्ही मुद्दाम जाऊन आलो. मालक साठीच्या घरातला, चार बुके शिकलेला माणूस. आम्ही नाकाला रुमाल लावलेला पाहून तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, लोकांना वाटतं हितं गाड्या मरतात. पण गाडी मरत न्हाई. हिचा दरवाजा तिला, तिची काच हिला. एक गाडी धा गाड्यांत जिती राहते."

त्याचे बोलणे खरे होते. आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात तीन गिऱ्हाइके आली. एकाला टेम्पोचा आरसा हवा होता. एकाला जीपचा धुरा हवा होता. तिसरा ऊसतोडीच्या टोळीतला होता. त्याला बैलगाडीसाठी जुने टायर पाहिजे होते. हत्ती जिवंत असता लाखाचा आणि मेला तर सव्वा लाखाचा म्हणतात, ते काही उगाच नाही.

एका गाडीचा जन्म आणि शेवट

आपल्या महाराष्ट्रातल्याच एका गाडीची हकिकत ऐका. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. इटली देशातल्या फियाट कंपनीच्या नमुन्यावर तिथे मोटारी बनू लागल्या. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट ही गाडी आली. हीच पुढे प्रीमियर पद्मिनी ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरणच होऊन गेले. गावाकडचा माणूस पहिल्यांदा मुंबईला गेला की बोरीबंदरच्या स्टेशनाबाहेर त्याची पहिली भेट हिच्याशीच व्हायची.

२००० सालाच्या सुमारास ह्या गाडीचे उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

आता गंमत पाहा. ज्या कुर्ल्यात ही गाडी जन्मली, त्याच कुर्ल्यात जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. म्हणजे माहेरही तेच आणि मसणवटाही तोच! पण मसणवटा म्हणणेही बरोबर नाही. का, ते पुढे पाहू.

गाडी कशी सोडवतात?

गाडी मोडायची म्हणजे घण घेऊन ठोकत सुटायचे असे नव्हे. त्यालाही क्रम आहे. खाटीक असो की सुतार, ज्याला सांधे ठाऊक असतात त्याचेच काम नीट होते.

प्रथम बॅटरी काढतात. वीज बंद झाली की ठिणगी पडत नाही. मग टाकीतले पेट्रोल किंवा डिझेल, इंजनातले ऑइल, ब्रेकचे ऑइल आणि रेडिएटरमधले पाणी वेगवेगळ्या डब्यांत काढतात. गाडीला गॅसची टाकी असेल तर जाणत्या माणसाकडून ती आधी रिकामी करवून घेतात. मग चाके. मग दारे, काचा, दिवे, सीटा. मग सगळ्या गाडीतून नसांसारख्या फिरलेल्या वायरी ओढून काढतात. त्यानंतर चेन-कुप्पी लावून इंजन आणि गिअरबॉक्स उचलतात. राहिला सांगाडा. तो गॅसच्या ज्योतीने कापतात, दाबतात आणि काट्यावर चढवतात.

पद्मिनीसारख्या लहान मोटारीचे वजन सुमारे ९०० किलो असे. मोटारीच्या वजनात साधारण दोन-तृतीयांश भाग लोखंड आणि पोलाद असते. बाकीच्यात अल्युमिनियम, तांबे, शिसे, रबर, काच आणि प्लॅस्टिक.

लोखंड कोणते आणि दुसरा धातू कोणता, हे ओळखायला वाड्यातली पोरे खिशात लोहचुंबक बाळगतात. चिकटले तर लोखंड. न चिकटले तर बहुधा अल्युमिनियम, तांबे नाही तर पितळ. हे धातू लोखंडापेक्षा पुष्कळ महाग असतात. विकणाऱ्याला हे ठाऊक नसले की सगळी गाडी लोखंडाच्या भावाने जाते. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. गेल्या पंचवीस वर्षांतल्या बहुतेक पेट्रोल मोटारींच्या धुराच्या नळीत एक डबा असतो. धुरातले विष कमी करणे हे त्याचे काम. त्याच्या आत प्लॅटिनमच्या जातीच्या धातूंचा पातळ थर असतो. हे धातू फार मोलाचे आहेत. वरून मात्र तो गंजका डबाच दिसतो! तेव्हा, "बॅटरी वेगळी, इंजन वेगळे, हा डबा वेगळा, पत्रा वेगळा, प्रत्येकाचा भाव सांगा," असे विचारायला लाजू नये. भाव दररोज बदलतात. दोन ठिकाणी विचारावे आणि वजन आपल्या डोळ्यांदेखत करावे.

लोखंड एक, जाती अनेक

गावातल्या लोहाराला विचारा, "कोयता कशाचा चांगला?" तो सांगेल, "कमानपाट्याचा." कमानपाटा म्हणजे ट्रकच्या किंवा जीपच्या चाकावर बसवलेल्या पोलादी पट्ट्या. खड्ड्यात चाक आदळले की त्या वाकतात आणि पुन्हा सरळ होतात.

लोहार हाच पाटा का निवडतो? लोखंडात थोडासा कोळशाचा अंश मिसळलेला असतो. त्याला कर्ब म्हणतात. कर्ब अगदी कमी असेल तर लोखंड मऊ राहते. त्याचा पत्रा होतो, तार होते. पण त्याला धार टिकत नाही. कर्ब फार झाला, शंभरात दोन-तीन भागांच्या वर गेला, तर ते बीड होते. बीड कडक खरे, पण घणाचा घाव बसला की फुटते. कमानपाट्यात कर्ब बेताचा असतो, शंभरात अर्ध्या भागाच्या आसपास. ते पोलाद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवले की कडक होते. पुन्हा जरासे तापवले की चिवट होते. म्हणून त्याला धारही लागते आणि ते तुटतही नाही. ज्या जीपने एके काळी वऱ्हाड नेले, तिचाच पाटा आज कोणाच्या हातात कोयता होऊन ऊस तोडत असेल.

राहिलेले लोखंड कारखान्यात जाते. आपल्या महाराष्ट्रात जालना हे त्यासाठी नावाजलेले शहर आहे. तिथे विजेच्या भट्ट्यांत मोडीचे लोखंड वितळवतात. लोखंड वितळायला सुमारे १,५०० अंश उष्णता लागते. वितळलेला रस साच्यात ओततात, त्याचे दांडे करतात आणि ते तापवून लाटून सळया काढतात. ह्याच सळया आपल्या घराच्या स्लॅबमध्ये, शाळेच्या खांबात, ओढ्याच्या पुलात बसतात.

ह्यात देशाचाही फायदा आहे. मोडीच्या लोखंडापासून पोलाद केले की तेवढ्यापुरते डोंगर खणून खनिज काढावे लागत नाही आणि दगडी कोळसाही फार कमी जाळावा लागतो. अल्युमिनियमचे तर आणखी नवल. खनिजातून नवे अल्युमिनियम काढायला जेवढी शक्ती लागते, तिच्या अवघ्या विसाव्या हिश्शात जुने अल्युमिनियम वितळून पुन्हा कामाला येते.

मात्र निवड नीट व्हावी लागते. लोखंडात तांब्याचे तुकडे राहिले तर ते भट्टीतून काढता येत नाहीत, आणि तापलेले पोलाद लाटताना त्याला चिरा पडतात. तांदळातला खडा वेळीच वेचावा लागतो, तसेच हे.

वाड्यातले विष

आता दुसरी बाजू पाहू. ही बाजू नीट ध्यानात ठेवा, कारण इथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

बॅटरी. मोटारीच्या नेहमीच्या बॅटरीत निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असते आणि आत गंधकाचे जहाल आम्ल असते. आम्लाने कातडी भाजते, डोळा जातो. हे लगेच कळते. शिशाचे तसे नाही. ते दिसत नाही, वास येत नाही, चव कळत नाही. शिसे ३२७ अंशांवर वितळते. म्हणजे चुलीवरही वितळते. म्हणूनच काही लोक परसात बॅटऱ्या फोडून शिसे गाळतात. त्याची धूळ मातीत मिसळते, कपड्यांवर बसते, घरात येते. रांगते मूल तोच हात तोंडात घालते. शिसे लहान मुलाच्या मेंदूवर घाला घालते. मूल मंद होते, अभ्यासात मागे पडते, चिडचिडे होते. जास्त प्रमाणात गेले तर झटके येऊन दगावते. शरीरात अमुक इतके शिसे गेले तर चालेल, अशी सुरक्षित मर्यादाच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आफ्रिका खंडात सेनेगल नावाचा देश आहे. त्याच्या डकार ह्या राजधानीजवळ थियारोये नावाची वस्ती आहे. तिथले लोक मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे विकत. शिसे मिसळलेली वाळू बायका चाळणीने चाळत. पाठीशी पोरे बांधलेली. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ ह्या अवघ्या काही महिन्यांत तिथली १८ मुले मेली. आधी कोणाला कारणच कळेना. ताप म्हणावा तर तसाही नाही. शेवटी रक्त तपासले तेव्हा शिसे सापडले. त्या आया आपल्यासारख्याच गरीब होत्या. चार पैसे मिळवावेत एवढीच त्यांची इच्छा होती.

म्हणून बॅटरी घरी कधीही फोडू नका. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या. तो तिची किंमत वजा करून देतो. जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर २०२२ सालच्या नियमांनी टाकलेली आहे.

ऑइल. इंजनातून काढलेले काळे ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. तेल पाण्यावर पसरते आणि थोडेसे तेल पुष्कळ पाणी नासवते. रेडिएटरमध्ये घातलेले रंगीत पाणी गोडसर लागते, पण ते विष आहे. कुत्रे-मांजर, शेळी ते चाटते आणि मरते.

वायरी. तांबे काढण्यासाठी वायरी जाळतात. त्या काळ्या धुरात फार वाईट विषे असतात. वायर जाळू नये, सोलावी.

टाकी. "टाकी रिकामी आहे, आता काय भीती?" असे पुष्कळ जण म्हणतात. खरी भीती रिकाम्या टाकीचीच! पेट्रोल संपले तरी वाफ राहते. वाफ आणि हवा एकत्र झाली की एका ठिणगीने स्फोट होतो. रिकाम्या टाकीला किंवा पिंपाला कधीही तशीच वेल्डिंगची ज्योत लावू नये.

टायर. दारात पडलेल्या टायरमध्ये पावसाचे पाणी साचते. त्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. टायर छपराखाली ठेवावा, नाही तर भोके पाडून पाणी जाऊ द्यावे.

आणि शेवटी, पोरे. बंद पडलेली गाडी म्हणजे मुलांचे खेळण्याचे घर. लपंडाव खेळताना मूल आत शिरते आणि दार बसते. जुनी कडी आतून उघडत नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतली हवा अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी तापते. लहान जीव तेवढ्यात गुदमरतो. दारात मोडकी गाडी असेल तर तिची दारे कुलूपबंद ठेवा, नाही तर काढूनच टाका.

गाडी गेली, नाव राहिले

आम्ही त्या वाड्यात असताना एक शेतकरी आला. डोक्याला मुंडासे, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्याने एक कागद काढला आणि मालकाला म्हणाला, "दादा, माझी जीप कुठाय? तीन वर्षांमागं तुमाला दिली व्हती."

मालक म्हणाला, "आता कुठली असणार? गावं फिरणाऱ्या एका येपाऱ्यानं चालती करून नेली ती. पुढं कुणाला इकली, मला काय ठावं?"

"मग हे काय आलंय माझ्या नावावर?"

आम्ही तो कागद पाहिला. कोर्टाची नोटीस होती. ती जीप परजिल्ह्यात कोणी तरी चालवत होते. विमा नव्हता. तिने एका सायकलवाल्याला उडवले होते. माणूस जागीच गेला. त्याच्या बायकोने भरपाईचा दावा लावला होता. आणि सरकारी दप्तरात गाडीचा मालक म्हणून नाव कोणाचे? ह्या शेतकऱ्याचे!

तो खाली बसला आणि म्हणाला, "गुरुजी, तवा मला वाचता येत नव्हतं. येपाऱ्यानं कागद पुढं केला, मी अंगठा उठवला. आता रातीच्या वर्गाला जातो. ही नोटीस माझी मीच वाचली. अक्षर आलं, पण उशिरा आलं."

आम्ही त्याला त्याच दिवशी वकिलाकडे आणि आर. टी. ओ. कचेरीत जायला सांगितले. गाडी दिल्याचा काही पुरावा असेल तर शोधायला सांगितले. पण त्याच्याजवळ पावतीसुद्धा नव्हती. दावा अजून चालू आहे.

ह्या बाबतीत कायदा काय सांगतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडीची नोंद ज्याच्या नावावर, तोच तिचा मालक. गाडी विकली तर नाव बदलण्यासाठी आर. टी. ओ. कचेरीला कळवावे लागते. विकणाऱ्याने त्याच राज्यात विकली असेल तर १४ दिवसांत कळवायचे असते. नुसती नोटांची देवघेव झाली म्हणजे नाव बदलत नाही.

सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक खटला आला होता. एका माणसाने २००७ साली मोटार विकली. ती पुढे हातोहात विकली गेली, पण नोंद पहिल्याच्याच नावावर राहिली. २००९ साली त्या मोटारीने अपघात झाला आणि एक मुलगा दगावला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की दप्तरात ज्याचे नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. अकरा वर्षांमागे विकलेली गाडी त्या माणसाच्या मानेवर येऊन बसली.

निर्णय कठोर वाटेल. पण दुसऱ्या बाजूनेही विचार करावा. ज्या बाईचा नवरा गेला, तिने गाडीचा खरा मालक शोधत कोणाकोणाच्या दारी जावे? तिला दप्तरातले नाव हाच एक आधार.

मग गाडी मोडीत कशी द्यावी?

गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने ते १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, आर. टी. ओ. कचेरीला कळवावे आणि आर. सी. बुक जमा करावे, असे कायदा सांगतो. मग नोंद रद्द होते. नोंद रद्द झाली की गाडीशी आपला संबंध संपला.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ह्यासाठी नवे नियम केले. त्यांप्रमाणे सरकारमान्य वाहन मोडणी केंद्रे निघाली आहेत. महाराष्ट्रातही ती आहेत. गाडी तिथे देताना आर. सी. बुक, मालकाचे ओळखपत्र आणि बँकेच्या खात्याची माहिती लागते. गाडीवर कर्ज असेल तर ते आधी फेडून कागदावरून उतरवावे लागते. गाडी चोरीची तर नाही ना, हे केंद्र तपासते. गाडी ताब्यात घेतल्यावर ते मालकाला जमा केल्याचा दाखला देते. पुढे गाडी मोडल्याचाही दाखला निघतो. चेसिसवर जिथे नंबर कोरलेला असतो, तेवढा तुकडा कापून केंद्राला काही महिने जपून ठेवावा लागतो. त्या नंबरावर दुसरी गाडी उभी राहू नये, हा त्यातला हेतू.

जमा केल्याचा दाखला जपून ठेवा. तो दाखवून नवी गाडी घेतली तर राज्य सरकारला वाहन करात सूट देता येते. खासगी गाडीला ही सूट २५ टक्क्यांपर्यंत आणि भाड्याच्या गाडीला १५ टक्क्यांपर्यंत असू शकते.

"पण गुरुजी, भंगारवाला दारात येऊन रोख देतो. केंद्राला कोण जाणार?" असे कोणी म्हणेल. खरे आहे. गावच्या भंगारवाल्याचेही पोट आहे आणि त्याच्या हातात कसब आहे. त्याला आम्ही नावे ठेवत नाही. पण त्याच्याकडे गाडी द्यायची तरी नोंद आधी रद्द करा, आणि नाव, तारीख, गाडीचा नंबर, चेसिसचा नंबर व रक्कम लिहिलेली पावती घ्या. आर. सी. बुक, किंवा कोरा सही केलेला कागद, कधीही कोणाच्या हाती देऊ नका.

जुना भाग विकत घेताना

जुने भाग स्वस्त पडतात, म्हणून ते घ्यायला हरकत नाही. दार, बॉनेट, आरसा, काच, सीट, बंपर हे खुशाल घ्यावेत. पण ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे आणि रस्त्यावर पळणाऱ्या गाडीचे टायर जुने घेऊ नयेत. चारशे रुपये वाचवायला जाल आणि उतारावर जीव गमावून बसाल. बैलगाडीला चालेल तो टायर जीपला चालेलच असे नाही.

इंजन घेतले तर त्यावरचा नंबर पाहा. तो घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर हात लावू नका. माल चोरीचा असू शकतो. इंजन बदलल्यावर आर. टी. ओ. कचेरीत कळवून आर. सी. बुकात तशी नोंद करून घ्यावी लागते. आणि पावती? ती तर दर वेळी घ्यावीच.

लक्षात ठेवा

१. गाडी विकली किंवा मोडीत दिली, की आपले नाव दप्तरातून उतरले का ते स्वतः पाहावे.
२. न वाचता सही करू नये. अंगठा तर नकोच.
३. बॅटरी घरी फोडू नये, शिसे गाळू नये.
४. रिकाम्या टाकीला ज्योत लावू नये.
५. दारातल्या मोडक्या गाडीत मुलांना खेळू देऊ नये. टायरमध्ये पाणी साचू देऊ नये.
६. लोखंड, तांबे, अल्युमिनियम वेगवेगळे करून विकावे. वजन समोर करून घ्यावे.

वर्गात बोलू या

१. तुमच्या गावात बंद पडलेल्या गाड्या किती आहेत? त्यांची नोंद कोणाच्या नावावर आहे?
२. लोहार कोयत्यासाठी कमानपाटा का निवडतो?
३. थियारोये गावातली मुले कशाने मेली? आपल्या गावात तसे कोणी करते का? त्याला तुम्ही काय सांगाल?
४. खालील पावती आपल्या वहीत उतरून घ्या आणि मोकळ्या जागा भरा:

"मी ______, राहणार ______, आज तारीख ______ रोजी ______ नंबरची गाडी, चेसिस नंबर ______, श्री. ______ यांच्याकडून रुपये ______ देऊन मोडीसाठी घेतली. गाडीची नोंद रद्द झाल्याचा कागद मी पाहिला आहे. घेणाऱ्याची सही ______. साक्षीदाराची सही ______."